निघालेल्या माणसाला टोकू नये

आमच्या घरात निघालेल्या माणसाला ‘कुठं चालला?’ असं विचारायची सोय नव्हती. चप्पल पायात सरकवली, पिशवी उचलली की समद्यांच्या तोंडाला कुलूप. चुकून कोणी विचारलंच, तर निघालेल्यानं माघारी यायचं, खाटेवर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. तो पाणी पिईस्तोवर विचारणाऱ्याचा उद्धार व्हायचा, आणि आमच्या घरात तो कायम माझाच व्हायचा. मला राहवायचंच नाही. माणूस डोळ्यांदेखत बाहेर चाललाय आणि कुठं चाललाय ते आपल्याला माहीत नाही, म्हणजे काय? डोक्यात किडा वळवळायला लागायचा.

“काळ्या जिभीची हाय कार्टी,” माय म्हणायची. “तुला काय करायचंय गं? जाईल न् येईल माणूस.”

वडील आमच्या गावच्या, हट्ट्याच्या शाळेत गुरुजी होते. शकुन-अपशकुन आपण धम्म घेतला तेव्हाच सोडले, असं ते चार लोकांत ठणकावून सांगायचे. पण मी टोकलं की तेही गुपचूप माघारी येऊन खाटेवर बसायचे आणि म्हणायचे, “चपलेचा अंगठा ढिला झालाय, तो बघतो.” दर वेळी अंगठाच कसा ढिला होतो, हेही मी एकदा विचारलं. त्याबद्दल पाठीत धपाटा मिळाला.

मायचं मात्र सोंग नव्हतं. तिच्या लग्नाआधीच, माहेरी, तिचा धाकटा भाऊ विहिरीच्या कामावर मेला. विहीर खोदताना मुरूम वर ओढायला यारी लावतात, तिच्या दोराला टोपलं अडकवलेलं असतं. त्या टोपल्यात बसून तो खाली उतरत होता आणि दोर तुटला. त्या दिवशी सकाळी दारातून निघताना शेजारणीनं त्याला विचारलं होतं, ‘कुठं चालला रे?’ आणि तो बसला नाही, हसत तसाच गेला. मायनं ही गोष्ट मला शंभरदा सांगितली असेल, आणि दर वेळी शेजारणीपाशीच थांबली. त्या बाईशी माय पुढं कधीच बोलली नाही.

माझा दादा मायच्या वळणावर गेलेला. मी जेवढी चोंबडी, तेवढा तो अबोल. कोणी कामाला हात घातला की हा बाजूला उभा राहणार, मधे बोलणार नाही. हिंगोलीला आयटीआयमधून फिटर झाला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका ठेकेदाराच्या ओळखीनं मुंबईकडं गेला. तिथून थेट समुद्रात. पोरगं प्लॅटफॉर्मवर कामाला लागलं म्हटल्यावर गल्लीला वाटलं रेल्वेत लागलं. नाही बाबा, समुद्रात खांब रोवून उभं केलेलं लोखंडी मचाण ते, त्याच्यावर माणसं राहतात आणि समुद्राच्या तळातून तेल काढतात, हे समजावता समजावता वडिलांच्या नाकी नऊ आले. तेव्हा आमचा हिंगोली जिल्हासुद्धा व्हायचा होता, परभणीतच होतो आम्ही. समुद्र घरातल्या कोणीच पाहिलेला नव्हता.

दादा काही आठवडे तिकडं राहायचा, काही आठवडे घरी. घरी आला की माझी चंगळ. मचाणावर नेणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये पोटात गोळा येतो का? तिथं भाजी कुठून येते? लाटा लागल्या की मचाण हलतं का? पाण्याच्या खाली तेल, मग ते आपोआप वर काहून येत नाही? तेल तर हलकं ना पाण्यापेक्षा?

“वर खडक हाय म्हणून दबून राहिलं ते,” दादा सांगायचा. “आमी भोक पाडतो न् मग ते येतं. जोरानं येतं. त्या जोराला आवर घालायचं हेच तं काम हाय.”

हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा की बस्स. एरवी दोन शब्द न बोलणारा माणूस वाटी उपडी घालून खडक दाखवायचा, पोळीच्या घासानं नळी दाखवायचा. भाजी गार व्हायची आणि माय दोघांनाही ओरडायची. घराचा अर्धा स्लॅब त्याच्या पगारावर पडला होता, अर्धा पडायचा होता. माझं वसमतचं कॉलेजही त्याच्याच जिवावर चाललेलं. वडिलांची छाती फुगायची ती काही उगीच नाही.

मग एक दिवस रेडिओवर बातमी आली. समुद्रात तेल सांडलं, तवंग पसरला, पण परिस्थिती नियंत्रणात आहे, असं कंपनीनं कळवलं आहे. वडिलांनी आवाज मोठा केला तोवर कापसाचे भाव सुरू झाले होते.

“सांडलं म्हणजे कोणाच्या हातून सांडलं?” मी विचारलं.

“कंपनीच्या.”

“पण कंपनीत कोणीतरी माणूस असंल ना? त्याचा हात लागला असंल, नाहीतर लागायला पाहिजे तिथं लागला नसंल.”

“तू गप बस बरं जरा,” वडील म्हणाले. त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. एसटीडीच्या दुकानात जाऊन बसले, नंबर लागेना. दुसऱ्या दिवशी दुकानदारच धावत सांगायला आला की दादाचा फोन होता, तो धडधाकट आहे, कोणालाच काही झालेलं नाही, आणि तो सुटीवर येतोय. मायनं तिथंच ओसरीवर बसकण मारली आणि पदरात तोंड खुपसून रडली.

दादा आला, पण नुसतं शरीर आलं म्हणा. खाटेवर पडून छताच्या सळ्या बघत बसायचा. मी विचारलं, तवंग कसा दिसतो? “काळा.” पक्षी मेले का? “काही.” मासे? “मला काय माहीत!” असा खेकसला की मी मागंच सरकले. मला राग आला. हेलिकॉप्टरातल्या पट्ट्याचं बक्कल कसं लागतं ते सांगणारा हा माणूस, आणि एवढं मोठं घडलं तर कुलूप? काहीतरी होतं. मायला वाटायचं दृष्ट लागली, वडिलांना वाटायचं थकलाय. मला वाटायचं, हा काहीतरी गिळून बसलाय, आणि ते काय आहे हे कळल्याशिवाय मला घास गोड लागणार नव्हता.

त्याला बाहेर काढावं म्हणून मी सिद्धेश्वर धरणावर जायचा हट्ट धरला. धरणाचं पाणी कालव्यानं आमच्या शिवारात यायचं, पण धरणावर जाणं व्हायचं नाही. वडिलांच्या मित्राची मोटारसायकल मिळाली. निघताना मी हळूच औषधाच्या बाटलीत थोडं गोडं तेल घेतलं. मला बघायचं होतं. कॉलेजात शिकवलं होतं की तेल पाण्यावर पातळ होत होत पसरत जातं, पण किती पसरतं हे परातीत कसं कळणार? परात लहान पडते.

काठाशी पाणी संथ होतं. मी बाटली तिरकी केली. थेंबाची केवढी चकती झाली म्हणून सांगू! बघता बघता कडा लांबल्या, त्यावर जांभळे-हिरवे रंग फिरायला लागले. मी खूश होऊन वळले तर दादाचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात थोड्या अंतरावर जाळं आवरत बसलेला एक म्हातारा भोई उभा राहिला आणि तिथूनच ओरडला,

“ए पोरी! काय ओतून राहिली गं? थांब आधी!”

“गोडं तेल हाय, काका. खायचं.”

“खायचं हाय तं घरी खाय की! आमी काय पाहायला गेलतो का बाटलीत काय हाय ते? उद्या कोणी फवाऱ्याचं औषध आणून ओतंल, त्यालाबी बघत बसू का?”

मी ओशाळून बूच लावलं. म्हातारा पुटपुटत खाली बसला आणि पुन्हा जाळ्याला लागला, झालं त्याचं. पण दादा त्याच्याकडं बघतच राहिला.

“किती सोपं हाय,” तो म्हणाला.

“काय?”

“त्याला ठाऊक न्हाई तू कोण, मी कोण, बाटलीत काय. दिसलं, न् ओरडला. थांब म्हणला.” मग तो दगडावर बसला आणि त्यानं मला सगळं सांगितलं.

काढलेलं तेल जहाजात भरायचं होतं. प्लॅटफॉर्मपासून जहाजापर्यंत मांडीएवढी जाड नळी टाकतात. तिच्या एका सांध्यापाशी दादा उभा होता आणि त्याला सांध्याला ओल दिसली. पाण्याची नव्हे, तेलाची. आदल्या खेपेची राहिली असेल असं त्याला वाटलं, पण बोटानं पुसल्यावरही ती परत आली. तेवढ्यात वरच्या साहेबानं हात उंच केला. पंप सुरू करायचा इशारा.

“मी तोंड उघडलं बी व्हतं,” दादा म्हणाला. “पण त्याचा हात वर गेलता गं. काम निघालं व्हतं. निघालेल्याला कसं टोकायचं? न् मी ठेकेदाराचा माणूस, तो कंपनीचा. वाटलं त्याला दिसलंच असंल, एवढा शिकलेला. मी तोंड मिटलं. न् मग सांधा सुटला.”

पंप बंद करेपर्यंत जे जायचं ते समुद्रात गेलं. काळं, जाड, आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडं निघालेलं. कोळ्यांची जाळी वाया गेली. दादा कठड्याला धरून बघत उभा होता.

आता चौकशी लागली होती. सुटी संपली की दादालाही समितीपुढं बसायचं होतं. ठेकेदारानं आपल्या सगळ्या पोरांना आधीच दम भरला होता: काही पाहिलं नाही म्हणायचं, समुद्र खवळला होता म्हणायचं. ज्यानं जास्तीचं तोंड उघडलं त्याचं नाव कटलं. आणि दादाच्या मते बाकीचे सगळे तसंच म्हणणार होते. मग कंपनी म्हणणार, निसर्गापुढं कोणाचं चालतं? सांधे तेच राहणार, हात वर करणारा साहेबही तोच.

“मग तू काय सांगणार?” मी विचारलं.

“घर बघितलं ना आपलं? सळ्या उघड्या हायत अजून.” आणि मला शपथ घातली की घरी बोलायचं नाही.

मी शपथ पाळली. माझ्यासारखीनं शपथ पाळणं म्हणजे काय असतं ते मलाच ठाऊक, पोट फुगलं नुसतं. दादा जायचा दिवस आला. सकाळी दशम्या बांधल्या, चटणी बांधली. त्याला हट्ट्याहून परभणीची गाडी धरायची होती, तिथून रेल्वे. तो मायच्या पाया पडला, वडिलांच्या पाया पडला, पिशवी खांद्याला लावली. घर चिडीचूप. सगळ्यांनी ओठ मिटलेले, कोणी त्याच्याकडं धड बघेनासुद्धा. आणि त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला तसं माझ्या अंगाचा भडका उडाला. अरे, हेच तर झालं होतं तिकडं! हेच! सगळे असेच उभे राहिले असतील ओठ मिटून.

“दादा, कुठं चालला?” मी ओरडले. “आन् तिथं जाऊन काय सांगणार?”

मायनं हातातला तांब्याच आपटला. “मेली माझ्या लेकराच्या जिवावर उठली! काहून टोकलं गं? काहून?” हात उगारून ती माझ्यावर आली, वडील मधे पडले. दादा उंबऱ्यातच थांबला होता. मला वाटलं, जाणार आता, मामासारखा तसाच. पण तो वळला. खाटेवर येऊन बसला. टोकल्यावर बसायचं असतं, तसा बसला. वडिलांनी पाणी दिलं. त्यानं घोट घेतला, तांब्या खाली ठेवला आणि मायकडं न बघता सगळं सांगून टाकलं. ओल, बोट, वर गेलेला हात, ठेकेदाराचा दम.

गाडीची वेळ होत आली होती, पण कोणी उठलं नाही. वडील भिंतीला टेकून बसले. मी मायकडं बघत होते. ती आता रडेल, माझ्या नावानं बोटं मोडेल असं मला वाटत होतं. तिनं खाली सांडलेल्या पाण्यावर फडकं टाकलं.

“दोर विरला व्हता,” ती म्हणाली.

आम्हाला कळेना.

“तुझ्या मामाचा दोर. मी भाकर घेऊन गेलते इहिरीवर. पीळ सुटून राहिला व्हता दोराचा, मला दिसला. समद्यांलेच दिसला असंल. मालक खाटेवर बसला व्हता, मुकादम म्हणला उतर, न् माझा भाऊ टोपल्यात पाय टाकून राहिला व्हता. कामाला निघालेल्याला कसं टोकावं, म्हणून मी उगी राहिले. डोक्यावरची पाटीबी खाली न्हाई ठेवली मी.”

मी ती गोष्ट शंभरदा ऐकली होती आणि दर वेळी काही ना काही विचारलं होतं. टोपलं केवढं, विहीर कोणाची, शेजारीण कशी दिसायची. दोराबद्दल मात्र मला कधीच सुचलं नाही. माय त्या शेजारणीवर इतकी वर्षं राग धरून होती, आणि तो राग कुठं धरायचा होता हे तिला तेव्हापासून माहीत होतं. मला तिची फार दया आली, आणि तिला हात लावायची हिंमत होईना.

“जाय,” ती दादाला म्हणाली. “न् जे दिसलं ते सांग. घराचं घर पाहून घेईल.”

दादानं सांगितलं. समितीत एकट्यानंच सांगितलं. त्याच्या आधीच्या पोरांनी समुद्र खवळवला होता, यानं तो शांत केला. आठवड्याच्या आत ठेकेदारानं त्याला घरी धाडलं. कारणही दिलं नाही, आता गरज नाही म्हणाला. दादा हट्ट्याला आला आणि त्यानं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. कालव्याच्या पट्ट्यात मोटारी काय कमी? पोट भरत होतं. स्लॅब मात्र तसाच राहिला आणि सळ्यांना गंज चढला. गल्लीतले लोक म्हणायचे, चांगली नोकरी पोरानं लाथाडली. वडील त्यांच्याशी भांडायचे. माय भांडली नाही, पण एक दिवस ती पलीकडच्या गल्लीत लेकीकडं राहायला आलेल्या माहेरच्या त्या म्हाताऱ्या शेजारणीकडं कढी घेऊन गेली. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी विचारलं, तिनं सांगितलं नाही.

दादाबरोबरचा एक पोरगा तिकडंच होता, तो अधूनमधून फोन करायचा. त्याच्याकडून कळलं की प्लॅटफॉर्मवर आता जागोजागी फलक लागलेत. लाल पंजा काढलेला, आणि खाली लिहिलंय की धोका दिसला तर कोणीही काम थांबवावं, लहान असो की मोठा. टोप्या वाटल्या, दर सकाळी शपथ असते. दादा हे ऐकून हसला.

“न् पोरं थांबवतात का काम?” मी विचारलं.

“काहून थांबवतील? ज्यानं सांगितलं त्याला घरी बसवला, हे समद्यांनी पाहिलं ना. फलक वाचायला येतो तसं हेबी वाचायला येतं त्यांना.”

दोन हजार साल उलटून गेलं होतं, जिल्हाही झाला होता आमचा, तेव्हा एक दिवस फोन आला. कंपनीत सुरक्षेचा नवा साहेब आला होता, तोच बोलत होता. त्यानं जुन्या चौकशीची माहिती काढली होती आणि एकट्यानं खरं सांगणारा तो फिटर कुठं आहे असं विचारत होता. दादाला परत बोलवत होता, ठेकेदाराकडून नाही, कंपनीच्या नोकरीत. दादानं त्याला फोनवरच सुनावलं. म्हणाला, फलक लावून काही होत नसतं, साहेब. तर तो माणूस म्हणाला, ते मलाही कळतंय, म्हणून तर फोन केला. तुम्ही परत आलेले दिसाल तेव्हाच बाकीच्यांचा फलकावर भरोसा बसेल.

दादा दोन दिवस दुकानात नुसता पाने-पकडी पुसत बसला. साहेब बदलला की हे सगळं हवेत जाईल का? कंपनीला खरंच सुधारायचंय का नुसतं दाखवायचंय? मीही तेच विचारत होते. “तिथं जाऊन पाहिल्याबिगर कसं कळंल?” असं तोच शेवटी म्हणाला, आणि पिशवी भरली.

पुन्हा तीच सकाळ, दशम्या, चटणी. तो पाया पडला, चप्पल पायात सरकवली. मी ओठ गच्च आवळून धरले होते. माझं लग्न ठरलेलं, जाणती बाई मी, आता तरी गप्प बसावं म्हटलं. वडील चपलेकडं बघत होते. दादा उंबऱ्याशी पोचला आणि चुलीपुढून आवाज आला.

“कुठं चालला रे?”

माय उठून उभी राहिली होती. पदर कपाळावर ओढलेला. जन्मात पहिल्यांदा तिनं निघालेल्या माणसाला टोकलं होतं. दादा थांबला. पिशवी खाली ठेवली, माघारी आला, खाटेवर बसला. तिनं स्वतः पाणी आणून त्याच्या हातात दिलं.

“कामाला चाललो, माय.”

“कोणाचा हात वर गेला, न् तुला ओल दिसली, तं?”

“थांब म्हणीन.”

“आयकलं न्हाई त्यानं तं?”

“ओरडीन.”

त्यानं पाणी संपवलं. मायनं तांब्या परत घेतला आणि म्हणाली, “आता जाय.”